टनाला १०० ग्रॅम: फायटेज पावडर दीड वर्ष वापरल्यानंतर

सांगली जिल्ह्यात विट्याजवळ आमची लेअरची, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांची, पोल्ट्री आहे. दोन शेड, १२,००० पक्षी, आणि खाद्य घरीच बनवतो. दीड वर्षापूर्वी आम्ही खाद्यात फायटेज पावडर घालायला सुरुवात केली. तेव्हापासून आसपासचे पोल्ट्रीवाले विचारतात, "वहिनी, खरंच फरक पडतो का?" प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. फरक पडतो, पैसे वाचतात. पण मागच्या वर्षी मे महिन्यात याच पावडरीच्या भरवशावर राहून माझ्या पक्ष्यांचे पाय गेले होते. तेही सगळं सांगणार आहे, कारण नवीन माणूस तिथंच फसतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आम्ही दोन कंपन्यांची पावडर वापरली. दोन्हींच्या पाकिटावर एका ग्रॅमला ५,००० एफटीयू (फायटेजची ताकद मोजायचं एकक) असं छापलेलं, आणि कामात मला दोन्हींत फरक दिसला नाही. फिकट बदामी रंग, गव्हाच्या पिठापेक्षा जरा भरड, वास किंचित खमिरासारखा. एक टन खाद्याला १०० ग्रॅम लागते. आमचं खाद्य गेली ११ वर्षं तानाजीभाऊ बनवतात. पहिल्या दिवशी त्यांनी ते १०० ग्रॅम तळहातावर घेतले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "एवढ्यानं टनाला काय हुतंय वहिनी?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

आता देते. मका, सोया पेंड, भाताचा कोंडा या सगळ्यांत स्फुरद असतो. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहितात त्यातलाच हा. हाडासाठी आणि अंड्यासाठी कोंबडीला तो लागतोच. पण बियाण्यानं तो उद्याच्या रोपासाठी राखून ठेवलेला असतो, फायटिक आम्लाच्या रूपात. एका रेणूत स्फुरदाचे सहा गट बांधून ठेवलेले असतात. धान्यातला साधारण दोन-तृतीयांश स्फुरद असा बांधलेला असतो. तो सोडवणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव फायटेज, आणि कोंबडीच्या किंवा डुकराच्या पोटात ते पुरेसं तयार होत नाही. म्हशीचं तसं नाही. तिच्या पहिल्या पोटात जे असंख्य जीवाणू असतात, ते हे विकर बनवतात आणि म्हशीला धान्यातला स्फुरद आयता मिळतो.

माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, जन्मभर म्हशी सांभाळलेला माणूस. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे म्हशीच्या पोटातलं काम पिशवीतनं कोंबडीला द्यायचं." डीलरनं तासभर समजावलेलं मामांनी एका वाक्यात सांगितलं.

घरात आपण हे करतोच की. मटकी भिजवून मोड आणतो, आंबिलीचं पीठ रात्रभर आंबवतो. भिजलं की दाण्यातलं विकर जागं होतं, कारण उगवायला रोपालाही तो स्फुरद मोकळा करून हवा असतो. गव्हाच्या कोंड्यात हे विकर बऱ्यापैकी असतं, मक्यात फारच कमी. आणि आमच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका.

तर आजवर काय चालायचं? मक्यातला, पेंडीतला स्फुरद कोंबडीच्या पोटातून तसाच खाली शेणात जायचा, आणि तिची गरज भागवायला आम्ही वरून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेटची पावडर, घालायचो, टनाला ११ किलो. डीसीपी येतो खडकातल्या स्फुरदापासून. आपल्याकडं उदयपूरजवळ झामरकोटडाला त्याची खाण आहे, पण देशाची गरज मोठी, त्यामुळं बराचसा खडक मोरोक्को, जॉर्डन, इजिप्तकडून बोटीनं येतो. तिकडं भाव चढला की विट्यात आमच्या पोत्याचा भाव चढतो. एका हातानं स्फुरद विकत घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं पिंजऱ्याखाली टाकायचा, असं आम्ही वर्षानुवर्षं केलं.

हिशेब सांगते, कारण लोक तोच पहिला विचारतात. डीसीपी ११ किलोवरून ५ किलोवर आणला. आम्हाला तो ४८ रुपये किलोनं पडत होता, म्हणजे टनाला २८८ रुपये वाचले. पावडर ३६० रुपये किलो, १०० ग्रॅमचे ३६ रुपये. डीसीपीतून कॅल्शियमही जातं हे विसरायचं नाही. ते भरून काढायला मार्बल ग्रिट, म्हणजे मार्बलची खडी, साडेतीन किलो वाढवली, तिचे १७-१८ रुपये. उरलेली जागा तेल काढलेल्या भाताच्या कोंड्यानं भरली, तिचे ३८-४० रुपये. सगळं वजा जाता टनाला १९५ रुपयांच्या आसपास हातात राहतात. आमचे पक्षी दिवसाला १,३०० किलो खातात, महिन्याला ४० टन धरा. पावणेआठ हजार रुपये महिना. मोठ्या फार्मला ही रक्कम किरकोळ वाटेल. अंड्याचा भाव पडतो त्या महिन्यांत आमच्याकडं तानाजीभाऊंच्या पगाराचा चांगला वाटा यातून निघतो.

आता मे महिना.

पहिले तीन महिने आम्ही पावडर रोजच्या रोज तोलून घालत होतो. मार्चमध्ये कामाचा ताण वाढला. डीलर म्हणाला, "रोज कशाला तोलताय, महिनाभराची पावडर एकदम प्रीमिक्समध्ये मिसळून ठेवा, काही होत नाही." आम्ही तसं केलं. प्रीमिक्स म्हणजे जीवनसत्त्वं, तांबं-जस्ताचे क्षार आणि कोलीन क्लोराइड यांचं मिश्रण. ती पोती खाद्याच्या खोलीत, पत्र्याखाली. एप्रिलअखेर आमच्याकडं पारा ४१-४२ ला जातो आणि दुपारी त्या खोलीत उभं राहवत नाही.

११ मेची पहाट. सहाला मी बॅटरी घेऊन दोन नंबरच्या शेडमध्ये फिरत होते. पक्षी ५८ आठवड्यांचे. तिसऱ्या लायनीत खालच्या पिंजऱ्यात एक कोंबडी कुशीवर पडलेली, दोन्ही पाय मागं ताणलेले. मला वाटलं गेली. हात घातला तर मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळे स्वच्छ, तुरा लालभडक. आजारी पक्ष्याचा तुरा असा नसतो. बाहेर काढून खाली ठेवली, पुढ्यात खाद्य सरकवलं तर पडल्या पडल्या टोचून खायला लागली. उठता मात्र येईना. संध्याकाळपर्यंत अशा ९ झाल्या. तिसऱ्या दिवशी ४० च्या वर.

डॉक्टर आले. माझी मुलगी शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते, ती सुट्टीला घरी होती, तीही शेजारी बसली. डॉक्टरांनी एक मेलेली कोंबडी उघडली. छातीचं हाड सरळ असतं, ते नागमोडी झालेलं. मग त्यांनी मांडीचं हाड मोकळं केलं आणि माझ्या हातात दिलं. "वाकवा." मी दोन बोटांत धरून जरासं दाबलं आणि ते कट्कन तुटलं. आत पोकळ, भिंत पातळ, उन्हात वाळलेल्या काडीसारखी.

डॉक्टर म्हणाले, कवच रात्री बनतं. पोटात त्या वेळी खाद्य कमी असतं, म्हणून कोंबडी आपल्या हाडातला साठा काढते आणि कवचाला लावते. दिवसा खाल्ल्यावर तो साठा भरून निघायला हवा. भरायला कॅल्शियमबरोबर स्फुरदही लागतो. तो पोटात मिळाला नाही तर हाड रोज रितं होत जातं. त्या दिवशीही शेडचं प्रॉडक्शन ८४ टक्के, म्हणजे शंभर पक्ष्यांमागं ८४ अंडी, होतं. पाय गेलेल्या कोंबड्यांपैकी दोघींनी दुपारी जमिनीवर पडल्या पडल्या अंडं घातलं, चांगलं, अख्ख्या कवचाचं. मुलीनं ती अंडी उचलून आणली आणि काही न बोलता ओट्यावर ठेवली. ती मी विकली नाहीत.

डीसीपी त्याच दिवशी ११ वर नेला, पाण्यातून कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्व सुरू केलं, पडलेले पक्षी पिंजऱ्यातून काढून वाळू टाकलेल्या जागेत ठेवले. बहुतेक आठवडाभरात उठले. ७३ गेले. प्रीमिक्सचा नमुना तपासणीला पाठवला, तर त्यातली फायटेजची ताकद छापलेल्या हिशेबाच्या निम्म्याहूनही कमी निघाली. विकर म्हणजे शेवटी प्रथिन. उष्णतेनं मरतं, आणि तांबं, जस्त, कोलीन यांच्या संगतीत ओलावा धरला की आणखी लवकर मरतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात हे छापलेलं होतं: थंड, कोरड्या जागी ठेवा, क्षारांबरोबर साठवू नका. डीलरला दाखवलं. त्यानं "असं कधी झालं नाही" एवढंच म्हटलं. त्याच्याकडून नंतर आम्ही काही घेतलं नाही. पण जे विकतो ते काय आहे, हे न वाचता शेतकऱ्याला सल्ला देणारा माणूस आणि त्यामुळं तुटलेलं ते हाड, या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून अजून गेलेल्या नाहीत.

त्याच आठवड्यात रात्री मुलीनं मला कॅनडातल्या डुकरांची गोष्ट सांगितली. तोपर्यंत मला वाटत होतं, हे विकर म्हणजे पाकिटातली वस्तू. ते कुणी जनावराच्या अंगातच बसवलं असेल असं मनातही आलं नव्हतं.

ओंटारिओ प्रांतात ग्वेल्फ नावाचं विद्यापीठ आहे. तिथं सेसिल फोर्सबर्ग, जॉन फिलिप्स, सेर्गेई गोलोवान या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जीवाणूतलं फायटेजचं जनुक घेतलं. ते लाळेच्या ग्रंथीतच चालू व्हावं म्हणून त्याला उंदराच्या जनुकाचा एक तुकडा जोडला आणि यॉर्कशायर जातीच्या डुकरांत घातलं. पहिलं पिल्लू १९९९ मध्ये जन्मलं. त्या डुकराच्या लाळेतच फायटेज. घास चावला की काम सुरू, पोटातल्या आम्लातही ते टिकतं. २००१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की या डुकरांच्या विष्ठेतला स्फुरद ७५ टक्क्यांपर्यंत कमी होतो. त्यांना एन्व्हायरोपिग नाव दिलं. तिकडं प्रश्न डीसीपीच्या खर्चाइतकाच पाण्याचा होता. डुकरांचं खत शेतात पडतं, पावसानं स्फुरद तळ्यात जातो, शेवाळ माजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

२०१० मध्ये कॅनडाच्या पर्यावरण खात्यानं बंदिस्त जागेत त्यांची पैदास करायला परवानगी दिली. माणसानं खाण्यासाठीची परवानगी मात्र कधीच आली नाही. लोकांचा विरोध होता, बाजारात उतरवायला कुणी पुढं आलं नाही, आणि २०१२ मध्ये ओंटारिओतल्या डुक्करपालकांच्या संघटनेनं पैसे देणं थांबवलं. त्याच वर्षी उरलेली सगळी डुकरं मारली. वीर्य तेवढं गोठवून ठेवलं.

मुलगी हे सांगत होती आणि मी खिडकीतून शेडकडं बघत होते. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगते. माझ्या कोंबड्यांच्या अंगातच हे असतं तर त्या पडल्या नसत्या. पत्र्याच्या उन्हात पोतं राहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं, तोलायचं नव्हतं, मिसळायचं नव्हतं, डीलर नव्हता. ज्या बाईकडं दारात दहा कोंबड्या आहेत तिला तर मिक्सर आणि काटा परवडतच नाही. तिच्या कोंबडीला हे अंगातच मिळालं असतं तर किती बरं, असं वाटलं. त्या डुकरांचं वाईटही वाटलं. दहा-बारा वर्षांची मेहनत, पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट वाढलेली जनावरं, आणि शेवट असा.

दोन-तीन दिवस मी याच विचारात होते. मग जे वाटलं ते असं. मे महिन्यात चूक कळल्यावर मी त्याच दिवशी खाद्य बदललं. पावडर बंद केली, डीसीपी वाढवला, आठवड्यात पक्षी उठले. कोवळ्या पक्ष्यांना वेगळा डोस देते, ६० आठवड्यांच्या पुढं वेगळा. ही मोकळीक मला हवी आहे. अंगात बसवलेलं जनुक मला कमी-जास्त करता येत नाही, आणि त्यात पुढं काही खोट निघाली तर १२,००० पक्ष्यांचं काय करायचं हे ग्वेल्फच्या डुकरांचं काय झालं त्यावरून दिसतं. दुसरं, लेअरची पिल्लं आम्ही हॅचरीतून घेतो, त्यांचे आईबाप आमच्याकडं नसतात. प्रत्येक बॅचला हॅचरीकडं जावंच लागतं. पचनशक्तीही उद्या पिल्लाच्या किमतीत धरली जायला लागली तर खाद्यावर आमच्या हातात असलेला एवढासा ताबाही जाईल. खाद्य म्हणजे अंड्याच्या खर्चाचा ७० टक्क्यांच्या वरचा भाग. तो ताबा मी सोडणार नाही.

काम मात्र थांबलेलं नाही. चीनमध्ये ग्वांगचौच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये अशी डुकरं दाखवली ज्यांच्या लाळेत फायटेजबरोबर धान्याचा कोंडा पचवणारी विकरंही आहेत. ती तेवढ्याच खाद्यावर जास्त वाढली आणि विष्ठेतून नत्र, स्फुरद दोन्ही कमी पडले. मुलगी म्हणते पुढं हेच येणार. ती शिकतेय, तिला जास्त कळतं. मी आजच्या माझ्या शेडपुरतं बोलते.

यातच एक गोष्ट कळली. ती लपवून ठेवणं मला पटत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच फायटेज पावडरी यीस्ट किंवा बुरशीत ई. कोलायचं जनुक घालून मोठ्या टाकीत बनवतात. म्हणजे ग्वेल्फच्या शास्त्रज्ञांनी ज्या जीवाणूचं जनुक डुकराच्या लाळेत घातलं, त्याच जीवाणूचं जनुक इथं टाकीतल्या यीस्टमध्ये. ही पावडर बाजारात आली तीच मुळी १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये, बुरशीपासून बनवलेली. तिथं गुराढोरांच्या खतातल्या स्फुरदावर सरकारनं बंधनं आणली होती.

विट्यातल्या एक शिक्षिका दर रविवारी आमच्याकडून दोन ट्रे अंडी नेतात. त्यांनी कुठंतरी वाचून विचारलं, "तुमच्या अंड्यांत ते जीएम, जनुक बदललेलं, काही नाही ना?" मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. पावडर बनवणारा जीव बदललेला आहे. पावडर म्हणजे त्यानं बनवलेलं विकर, ते कंठाच्या पिशवीत आणि पोटात काम करतं आणि मग इतर प्रथिनांसारखं पचून जातं. कोंबडी बदललेली नाही. आणि हेही सांगितलं की २००२ पासून आपल्याकडं बीटी कपाशी आहे, तिच्या सरकीची पेंड आपल्या म्हशी खातात आणि त्यांचं दूध आपण पितो. २०२१ मध्ये सोया पेंड किलोला शंभर रुपयांना टेकली तेव्हा सरकारनं ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोया पेंड आयात करायला परवानगी दिली होती. त्या वर्षी आम्ही पक्षी विकायच्या बेतात होतो. त्या परवानगीनं आम्हाला धीर आला हे मी कबूल केलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि दोन ट्रे नेले. पुढच्या रविवारीही आल्या.

खताबद्दलही विचारलं जातं. आमचं कोंबडखत तासगावकडचे द्राक्षवाले आणि आटपाडीचे डाळिंबवाले नेतात. शेणातला स्फुरद कमी होणार, मग खताची किंमत कमी होईल का, ही मला भीती होती. नेहमीच्या एका द्राक्षवाल्या दादांना मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, "वहिनी, उलट बरं झालं. माझ्या मातीच्या रिपोर्टमध्ये स्फुरद आधीच जास्त आहे, त्यानं जस्त लागत नाही वेलीला." वर्षानुवर्षं कोंबडखत आणि सुपर फॉस्फेट दोन्ही टाकत आल्यामुळं त्यांच्या बागेत तो साठत गेला होता. भाव त्यांनी तोच दिला. ज्यांची माती स्फुरदाला भुकेली आहे त्यांना मात्र मी सांगून देते, तुमचा हिशेब वेगळा करा.

आता आम्ही वापरतो कसं ते लिहिते, कारण पावडर चांगली असूनही वापर चुकला की काय होतं ते वर आलंच आहे.

पाकीट एक किलोचंच घेतो. मोठी पिशवी स्वस्त पडते, पण उघडल्यावर ती संपेपर्यंत उन्हाळा लागतो. पाकीट जुन्या माळवदाच्या घरात, मातीच्या भिंतीच्या खोलीत, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. बाहेर ४२ असताना तिथं पाय टाकला की गार वाटतं. खाद्याच्या खोलीत पावडर फक्त मिसळायच्या वेळी जाते.

आमचा मिक्सर ५०० किलोचा, म्हणून एका घाण्याला ५० ग्रॅम. माझे दीर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात कोइमतूरला असतात. त्यांनी दुकानातला सोनं तोलायचा जुना काटा आम्हाला दिला. त्यावर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रविवारी दुपारी आठवड्याच्या पुड्या बांधतात. कागदाच्या पुड्या, प्रत्येकीत ५० ग्रॅम, वर पेन्सिलनं वार. पुडी आधी १ किलो मक्याच्या भरड्यात कालवायची, तो १ किलो १० किलोत, आणि मग मिक्सरमध्ये. थेट मिक्सरमध्ये टाकली तर एका कोंबडीला दहापट आणि दहा जणींना काहीच नाही असं होतं. तानाजीभाऊ आता हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

मार्बल. बारीक मार्बल पावडर जास्त असली की पोटात कॅल्शियम फायटिक आम्लाला चिकटतं आणि मग विकराला तिथं शिरता येत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही दोन भाग जाड ग्रिट आणि एक भाग बारीक असं केलं. जाड ग्रिट कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पोटात (गिझार्डमध्ये) हळूहळू विरघळते आणि रात्री कवच बनताना उपयोगी पडते. त्यातली थोडी दुपारी चारनंतर वेगळी टाकतो. फुटक्या अंड्यांचा ट्रे आधी रोज भरायचा, आता दीड दिवसाला भरतो. यातलं पावडरीचं किती आणि ग्रिटचं किती ते मला वेगळं करून सांगता येणार नाही, मला वाटतं ग्रिटचंच जास्त.

गोळी खाद्य वापरणाऱ्यांनी कंपनीला विचारून उष्णतेला टिकणारी, वरून लेप दिलेली पावडर घ्यावी. गोळी बनवताना वाफेनं खाद्य ८० अंशांच्या वर तापतं आणि साधी पावडर तिथंच जाते. आमचा भरडा असल्यामुळं आम्हाला साधी चालते. पाकिटावरची तयार केल्याची तारीख बघून घ्या. सहा महिन्यांच्या आतली घ्या, आणि उन्हाळ्यात दुकानदार पोती कुठं ठेवतो ते आत जाऊन बघा. लाज वाटून घेऊ नका. मी आता बघते.

डीसीपी एकदम खाली आणू नका. आम्ही ११ वरून ९, मग ७, मग ५ असं दीड महिन्यात आणलं. काही जण पूर्ण बंद करतात आणि पावडरीचा डोस वाढवतात. त्यांचं चालतही असेल, पण मी ५ च्या खाली जाणार नाही. ते ५ किलो आमच्या चुकीसाठी राखून ठेवलेले आहेत. मिसळायला चुकेल, ऊन जास्त पडेल, पाकीट जुनं निघेल, तेव्हा कोंबडीच्या हाडाला तेवढा तरी आधार राहील.

आणि हाड हातानं बघा. अंड्याच्या आकड्यावर जाऊ नका, तो शेवटपर्यंत चांगला दिसतो. दर महिन्याला शेडमध्ये एखादा पक्षी काही ना काही कारणानं मरतोच. तो पुरायच्या आधी मी मांडीचं हाड काढते आणि वाकवून बघते. मुलगी घरी असली की ती करते, नसली की मी. काल सकाळी एक बघितलं, ६२ आठवड्यांच्या पक्ष्याचं. दोन्ही हातांनी जोर लावला तरी तुटलं नाही, शेवटी तानाजीभाऊंकडं दिलं.